आखाजीच्या आठवड्यात मळलेल्या प्लेटा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. सकाळी सातच्या आत अण्णांचा फोन आला. "दोन दिवस झाले, प्लेटा मळताहेत. बियाण्याचं पत्रक अडकलंय, कंपनीचा माणूस इथेच बसून आहे. तुम्ही या." प्लेट मळणं म्हणजे छपाईच्या पत्र्याने कोऱ्या जागीही शाई धरणं.

अण्णांचा छापखाना जळगावच्या एमआयडीसीत आहे. चार रंगांचं एक जुनं पण धडधाकट यंत्र, एकरंगी एक, कटिंग, फोल्डिंग आणि काचेच्या खोलीत थर्मल सीटीपी, म्हणजे संगणकावरचं पान लेझरच्या उष्णतेने थेट प्लेटवर उतरवणारं यंत्र. लग्नपत्रिका, डाळमिलची लेबलं, केळीच्या खोक्यांवरची चिकटपट्टी, शाळांची प्रवेशपत्रकं, खरिपाआधी बियाण्यांची पत्रकं. वर्षाची निम्मी कमाई मार्च ते जून या चार महिन्यांत होते. याच छापखान्यात डिसेंबरात मी स्वतः उभा राहून डेव्हलपरची, म्हणजे प्लेटवरचं नको ते कोटिंग विरघळवणाऱ्या रसायनाची, टाकी बंद केली होती आणि केमिकल-फ्री प्लेटा चालू करून दिल्या होत्या. त्यामुळे फोन ठेवला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. प्लेट चुकली असेल तर सल्ला माझा होता.

जळगाव, धुळे, भुसावळ भागात बरेच छापखाने सध्या या बदलाच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतो आहे.

टाकी का बंद केली होती

आधी तिथे नेहमीची थर्मल पॉझिटिव्ह प्लेट चालायची. लेझरने मारलेली प्लेट प्रोसेसरमधून जाते. तिथे अल्कलीचं डेव्हलपर, मग पाण्याची धुलाई, मग संरक्षक थर देणारा गम. डेव्हलपरचा पीएच बारा-तेराच्या घरात असतो आणि तापमान तेवीस-पंचवीस अंशांवर धरून ठेवावं लागतं. खानदेशातल्या मे महिन्यात ही एक वेगळीच लढाई. प्रोसेसरचा चिलर दुपारी दमला की डेव्हलपर तापतं, तापलं की जोर वाढतो आणि राहायला हवं ते कोटिंगही खरवडलं जातं. उलट चार दिवस काम कमी असलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा जोर आपोआप उतरतो. म्हणजे सोमवारची प्लेट आणि शनिवारची प्लेट सारखी निघेल याची खात्री नाही. ती खात्री राखायची तर रोज कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे चाचणीची पट्टी, मारून मोजायला हवी, आणि हंगामात ते कोण करतं?

शिवाय वापरलेलं डेव्हलपर. गडद निळं, साबणासारखं बुळबुळीत, हाताला लागलं तर कातडी सोलणारं. ते मोरीत ओतायचं नसतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा कचरा साठवून अधिकृत विल्हेवाटीला द्यायचा असतो. अण्णांनी मोरीत कधीच ओतलं नाही. त्यांच्या मागच्या अंगणात निळे ड्रम रांगेने उभे असायचे आणि ते पाहून त्यांना अपराधी वाटायचं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. धुलाईचं पाणी वेगळंच. टँकर घेऊन प्लेटा धुवायच्या आणि मागच्या वस्तीत बायका हंडे घेऊन उभ्या, हे त्यांना सहन होत नसे. त्यांच्या निर्णयामागे हिशोब होताच, पण हे कारण पहिलं होतं.

लेझर नेमकं काय करतो

पुढचं सगळं इथे अडकलेलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑफसेटचं मूळ तत्त्व १७९६ मध्ये जर्मनीत आलोइस झेनेफेल्डरने चुनखडीच्या दगडावर शोधलं: तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत. आज दगडाऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. त्याला विजेच्या साहाय्याने बारीक खरखरीत केलेलं असतं आणि वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असतो. हा उघडा पत्रा पाणी धरतो. त्यावरचं कोटिंग शाई धरतं. ते जेमतेम मायक्रॉनभर जाडीचं असतं. प्लेट बनवणं म्हणजे अक्षर-चित्राच्या जागी कोटिंग ठेवायचं आणि बाकी ठिकाणचं काढायचं, इतकंच. ते कसं काढायचं यावर प्लेटांच्या जाती पडतात.

पॉझिटिव्ह थर्मल प्लेटमध्ये ८३० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त लेझर कोटिंगवर पडतो. कोटिंगमधला रंग तो शोषून उष्णता करतो. त्या उष्णतेने रेझिनची अल्कलीला विरोध करण्याची ताकद मोडते आणि तेवढा भाग डेव्हलपरमध्ये विरघळतो. थोडक्यात, तिथे लेझर कोरी जागा लिहितो. पानावर दहा टक्के मजकूर असेल तर लेझर नव्वद टक्के पत्र्यावर पेटतो.

अण्णांकडे आणलेल्या प्लेटचा न्याय नेमका उलटा आहे. तिचं कोटिंग सलग पापुद्रा नसतं. ते प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म कणांचं असतं, एकेक कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान, आणि ते पत्र्यावर नुसते बसलेले असतात. परातीत पसरलेलं कोरडं पीठ डोळ्यासमोर आणा. लेझर जिथे पडतो तिथे हे कण वितळून एकमेकांत मिसळतात आणि पत्र्याच्या खडबडीत कपारींत घट्ट रुततात. ती झाली शाई धरणारी प्रतिमा. लेझर जिथे पडला नाही तिथलं पीठ सुटंच राहतं आणि सौम्य गमच्या धारेखाली, ब्रशने, धुऊन निघतं. तोच गम उघड्या पत्र्यावर पातळ संरक्षक थर ठेवून जातो. इथे विरघळवणं नाही, झटकणं आहे. म्हणून डेव्हलपर लागत नाही आणि म्हणून तिला केमिकल-फ्री म्हणतात. या जातीची पहिली नावाजलेली प्लेट ॲग्फाची अझुरा, २००४ च्या द्रुपा या छपाईच्या प्रदर्शनात आलेली. ॲग्फाचा ऑफसेटचा व्यवसाय २०२३ पासून इको३ या नावाने चालतो.

आणखी दोन जाती आहेत. एकीत लेझर कोटिंगचा थरच उडवून लावतो. त्या वाटेची सुरुवात १९९१ साली हायडेलबर्गच्या जीटीओ-डीआय यंत्रावर प्रेसटेक या कंपनीने ठिणग्यांनी केली आणि पुढे ठिणगीच्या जागी लेझर आला. दुसरीत प्लेट न धुता थेट यंत्रावर चढते आणि लेझर न लागलेलं कोटिंग पहिल्या काही कागदांत पाणी आणि शाईच उचलून नेतात. कोडॅकची सोनोरा ही त्या जातीची. बाजारात तिन्हींना सरसकट केमिकल-फ्री म्हणतात. त्यामुळे एकीसाठीचा सल्ला दुसरीला लावला जातो.

लेझरबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली: थर्मल प्लेटला उंबरठा असतो. ठरावीक उष्णतेच्या खाली काही घडत नाही, वर गेली की घडतं, मधलं धूसर फारसं काही नाही. दुसरी: ॲल्युमिनियम उष्णता भराभर पळवतं. त्यामुळे कोटिंगचा वरचा भाग आधी तापतो आणि पत्र्याला टेकलेला तळ सगळ्यात शेवटी. लेझरचा जोर थोडा कमी पडला तर वरून प्रतिमा झकास दिसते, पण तळाशी पकड कच्ची राहते. प्लेट हातात घेऊन हे कळत नाही, तीन-चार हजार प्रतींनंतर कळतं.

बारीक ठिपक्यांना हे आधी भोवतं. २४०० डीपीआयला लेझरचा एक ठिपका १०.६ मायक्रॉनचा. १७५ लाइनच्या स्क्रीनला, म्हणजे चित्र ठिपक्यांत फोडणाऱ्या जाळीला, एका घरात असे सुमारे १८८ ठिपके बसतात. म्हणजे दोन टक्क्यांचा फिका टोन जेमतेम चार लेझर-ठिपक्यांवर उभा असतो, दोन गुणिले दोन. भिंतीला चार विटा कमी-जास्त चालतात, चार विटांच्याच चुलीला चालत नाहीत.

दोन दिवसांत काय काय झालं होतं

पत्रक कपाशीच्या बियाण्याचं होतं. वीस हजार प्रती, आर्ट पेपर, मध्यभागी फुटलेलं पांढरंशुभ्र बोंड. त्या बोंडाच्या घड्या दोन ते पाच टक्क्यांच्या टोनमध्ये होत्या. सगळं चित्र त्यांच्यावरच उभं.

पहिल्या दिवशी यंत्र चालू झालं आणि पाचेकशे कागदांत बोंडावर निळसर छटा चढली. कोऱ्या समासातही शाईची पुसट साय. तात्या म्हणजे तिथले जुने मशीनमन, मूळ अमळनेरकडचे, तीस वर्षं ऑफसेटवर. त्यांनी हाताशी असलेलं केलं: पाणी वाढवलं, मग फाउंटनचं, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यातलं, औषध वाढवलं. छटा कमी झाली, पण शाईत पाणी मिसळून ती फुगली, ठोस रंग फिके पडले आणि वाळेना. थप्पीतल्या कागदांच्या पाठी रंगल्या.

तिकडे काचेच्या खोलीतल्या पोराने आपल्या परीने उपाय केला. तो भुसावळचा, हुशार, शिकण्याची आवड असलेला. जुन्या प्लेटवर त्याने शिकलं होतं की समास मळला म्हणजे लेझर कमी पडला, जोर वाढवायचा. पॉझिटिव्ह प्लेटला ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण तिथे कोरी जागा लेझर लिहितो. त्याने पंधरा टक्के जोर वाढवला. काहीच फरक पडला नाही. मग त्याला आठवलं की ही प्लेट उलट्या न्यायाची आहे. "सर, मी म्हटलं उलटी आहे तर कमी करून बघू." त्याने मूळ सेटिंगपेक्षा पंचवीस टक्के कमी केला. समास तसाच मळत राहिला. पण दुसऱ्या दिवशी चार हजार प्रतींनंतर बोंडाच्या घड्या एकेक करून गळायला लागल्या आणि बोंड सपाट पांढरं झालं.

मी पोचलो तेव्हा तात्या यंत्राला टेकून उभे होते. त्यांच्या तोंडून त्यांची अहिराणीच आली. "भाऊ, पानी वाढाडं, दवाई वाढाडी, तरी हाई घान जास नही."

अण्णांचं मत ठरलेलं होतं: लॉट खराब आहे, परत करा, टाकी पुन्हा चालू करा. मला ते मत घाईचं वाटलं. समास मळतो, म्हणजे जे निघायला हवं ते निघत नाही. बोंड गळतं, म्हणजे जे राहायला हवं ते राहत नाही. एकाच खराब लॉटने दोन्ही करणं जवळजवळ अशक्य. कोटिंग पत्र्याला जास्त चिकटतंय की कमी, यातलं एकच खरं असू शकतं. दुसऱ्याला दुसरं कारण हवं.

आधी सगळं मागे

म्हणून पहिला दीड तास मी दुरुस्त काहीच केलं नाही, केलेले उपाय फक्त मागे घेतले. लेझर डिसेंबरच्या मूळ आकड्यावर. पाण्याचा रोलर मूळ खुणेवर. फाउंटनची टाकी रिकामी करून, पाइप धुऊन, औषध डब्यावरच्या प्रमाणात. शाईचे रोलर साफ. अण्णांना हा वेळ वाया वाटत होता आणि त्यांचा जीव किती टांगणीला होता ते मला दिसत होतं, पण तीन थरांचे उपाय अंगावर असलेल्या आजाऱ्याची नाडी लागत नाही.

मूळ सेटिंगवर नवीन संच मारला. बोंड टिकलं. समास मळलाच.

म्हणजे बोंडाचा प्रश्न पोराच्या कमी केलेल्या जोरातून आला होता. पहिल्या दुखण्याच्या उपायातून दुसरं दुखणं जन्मलं होतं. आणि समासाचं दुखणं लेझरने बदलणारच नव्हतं, कारण या प्लेटवर समासात लेझर पडतच नाही. तिथे जोर पंधराने वाढवा की पंचविसाने घटवा, पत्र्यावरच्या त्या जागेला दोन्ही सारखेच. हे मी त्या पोराला कागदावर दोन चौकोन काढून दाखवलं, एक पॉझिटिव्ह, एक ही. त्याने तो कागद सीटीपीच्या झाकणावर चिकटवला.

आता उरला समास. यंत्र थांबवून काळ्या प्लेटवरची साय ओल्या स्पंजने पुसली. मधल्या पट्ट्यातली सहज गेली आणि यंत्र फिरवताच वेगळ्या जागी परतली. ग्रिपरकडच्या, म्हणजे कागद पकडणाऱ्या चिमट्यांकडच्या, बाजूची मात्र हलली नाही. हा फरक मोलाचा असतो. पुसून जाणारी साय पाण्यात उतरलेल्या शाईची असते, ती प्लेटला धरलेली नसते. न पुसणारी साय म्हणजे तिथे प्लेटच शाई धरते आहे. इथे दोन्ही होतं.

पाण्याचं लगेच सापडलं. डिसेंबरात फाउंटनला नळाचं पाणी वापरायचे. एप्रिलमध्ये नळ दिवसाआड झाल्यावर बोअरचं सुरू झालं, कुणाला सांगण्याइतकी मोठी गोष्ट ती वाटली नाही. आमच्याकडे काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात आणि ते फाउंटनच्या औषधातलं आम्ल खाऊन टाकतात. पाचच्या आसपास असायला हवा तो टाकीचा पीएच सहाच्या वर निघाला. कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप, नळाच्या पाण्याच्या तिप्पट. त्यावर औषध वाढवलं की क्षार आणखी वाढतात आणि शाई पाण्यात उतरते. तात्यांचा हात चुकला नव्हता, त्यांच्या हाताखालचं पाणी बदललं होतं.

माळा

ग्रिपरकडची न पुसणारी साय मात्र मला छळत होती. प्लेटच शाई धरते म्हणजे कोटिंग पूर्ण धुतलं गेलेलं नाही. त्याला दोनच वाटा: धुणारा गम दमलाय, किंवा कोटिंगच चिकट झालंय. दोन्ही वेगळं करून पाहायला चार प्लेटा लागतात. लेझर न मारलेली प्लेट धुलाई युनिटमधून काढायची, ओली करायची आणि हाताने शाईचा रोलर फिरवायचा. प्लेट निरोगी असेल तर सगळा पत्रा लख्ख राहिला पाहिजे, शाईचा कणही नको.

अण्णांच्या साठ्यातल्या दोन आणि शहरातल्या एका ओळखीच्या छापखान्याकडून मागवलेल्या, त्याच बनावटीच्या, थंड खोलीत ठेवलेल्या दोन. टाकीतला चालू गम आणि नवा कॅन फोडून भरलेला गम. जुन्या गममध्ये अण्णांची प्लेट सरसकट मळली. जुन्या गममध्ये बाहेरची प्लेट हलकी मळली. नव्या गममध्ये बाहेरची प्लेट आरशासारखी निघाली. आणि नव्या गममध्ये अण्णांची प्लेट? मधला भाग स्वच्छ, एका लांब कडेला तळहाताएवढे डाग.

गमचं कारण पोरानेच सांगितलं. जानेवारीनंतर गम बदललाच नव्हता. उन्हाने टाकीची पातळी उतरली की तो पाणी टाकायचा. "केमिकल नाही म्हटल्यावर मला वाटलं ते पाण्यासारखंच आहे." धुऊन निघालेलं कोटिंग कुठे जातं? त्याच गममध्ये. महिनोन्‌महिने ते साठत गेलं, गम दाट आणि गढूळ झाला आणि उघड्या पत्र्यावर पुन्हा बसू लागला. यात माझी चूक मोठी आहे. डिसेंबरात मी गम कधी बदलायचा ते तोंडी सांगितलं होतं, लिहून भिंतीवर लावलं नव्हतं. अल्कलीच्या डेव्हलपरची माणसाला धास्ती असते, म्हणून त्याची काळजी आपोआप घेतली जाते. गमचं तसं नाही. तो सौम्य आहे आणि म्हणूनच विसरला जातो.

डागांसाठी मी साठा कुठे आहे ते विचारलं. फेब्रुवारीत हंगामापुरत्या तीन महिन्यांच्या प्लेटा एकदम घेतल्या होत्या, दर चांगला मिळाला म्हणून. सीटीपीच्या खोलीत जागा नव्हती. त्या माळ्यावर होत्या. वर छपराचा पत्रा.

शिडीवरून वर गेलो तर श्वास कोंडला. दुपारी चार वाजता तिथे थर्मामीटरने बावन्न दाखवले. जी प्लेट उष्णतेने कण वितळवून चालते, तिला आपण दीड महिना भट्टीत ठेवलं होतं. बावन्न अंशांत कण लेझरखाली वितळतात तसे वितळत नाहीत, ते खरं. लेझरची उष्णता क्षणाच्या लाखाव्या भागाची आणि कितीतरी पटींनी जास्त. पण आठवडेच्या आठवडे ताप मिळाला तर सुटे कण हळूहळू एकमेकांना आणि पत्र्याला लगटतात, आणि मग गमची धार त्यांना सोडवू शकत नाही. लेझरने एका क्षणात पूर्ण करायचं काम छपराच्या पत्र्याने दीड महिन्यात अर्धवट केलं होतं. पाकिटं एकावर एक होती. सगळ्यात वरच्या पाकिटातल्या, छपराकडच्या कडेला डाग जास्त. तळातल्या पाकिटातली प्लेट नव्या गममध्ये बिनडाग निघाली.

अण्णा खाली उभे राहून वर बघत होते. "म्हणजे लॉट खराब नव्हता?"

"नाही अण्णा. लॉट चांगला होता."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग पोराला म्हणाले, "अरे, आधी सगळी पाकिटं खाली आण. तुझ्या खोलीत माझं टेबल आहे ना, ते बाहेर काढ."

पुढे

त्या रात्री पत्रक तळातल्या पाकिटातल्या प्लेटांवर, नव्या गममध्ये आणि नळाच्या साठवलेल्या पाण्यावर छापलं. बोंड शेवटच्या प्रतीपर्यंत टिकलं. वाळलेल्या रिमा आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गेल्या. वरच्या दोन पाकिटांतल्या प्लेटा चाचणीत नापास झाल्या, त्या भंगारात घातल्या. नुकसान अण्णांनी सोसलं, कुणाला बोल लावला नाही.

लेझरचा आकडा आम्ही नव्याने ठरवला. एकाच प्लेटवर वेगवेगळ्या जोराच्या पट्ट्या मारायच्या, धुवायच्या, आणि दोन टक्क्यांच्या ठिपक्यांवर कापडाने कसून घासायचं. ज्या जोराला ठिपके घासूनही टिकतात त्याच्या थोडं वर थांबायचं. फार वर जाण्यात अर्थ नाही, कारण लेझर डायोड नाहक झिजतात आणि प्लेट गुंडाळून फिरवणारा सीटीपीचा ड्रम हळू फिरवावा लागला तर प्लेटाही कमी निघतात.

गमचा हिशोब आता दिवसांवर नाही, चौरस मीटरवर आहे. त्यांची प्लेट ५६० गुणिले ६७० मिलिमीटरची, म्हणजे चार रंगांचा एक संच दीड चौरस मीटर होतो. पोराने वही केली आहे. प्रत्येक संचाला एक रेघ, आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेइतक्या रेघा भरल्या की गम बदलायचा, युनिटचे ब्रश धुवायचे. वापरलेला गम मोरीत जात नाही. तो डेव्हलपरइतका जहाल नसला तरी त्यात कोटिंगचं प्लास्टिक असतं, म्हणून तो वेगळ्या कॅनमध्ये साठतो. आधीच्या निळ्या ड्रमांच्या रांगेपुढे आता एकच कॅन उभा आहे, आणि त्याच्याकडे बघताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं त्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असं मला वाटतं.

साठा काचेच्या खोलीत, जमिनीलगत, आडवा. मार्च ते जूनमध्ये महिन्याभराच्या वर प्लेटा घ्यायच्या नाहीत, दर कितीही चांगला मिळो. फाउंटनसाठी छोटं आरओ बसवलं आणि मऊ पाण्यासाठी बनलेलं औषध घेतलं, कारण कडक पाण्याचं औषध आरओच्या पाण्यात टाकलं तर पीएच पुन्हा दुसऱ्या टोकाला जातो.

नंतर अण्णांनी विचारलं, मग तो गमही नको, थेट यंत्रावर चढणाऱ्या प्लेटाच घेऊ या का? प्रश्न चांगला आहे. धुलाई युनिट, गम, वही, सगळंच जाईल. पण तिथे धुण्याचं काम यंत्राचं पाणी करतं. या यंत्राचा तिसऱ्या युनिटवरचा पाण्याचा रोलर एका टोकाला झिजलेला आहे. छापताना तात्या तो हाताने सांभाळून घेतात, पण कोटिंग उचलताना तो एका बाजूला कमी पाणी देईल आणि साय तिथेच सुरू होईल. शिवाय त्या प्लेटांवर प्रतिमा डोळ्याला फार पुसट दिसते. चारही रंगांच्या प्लेटा हातात घेऊन कुठली कुठली ते ओळखायला तात्यांना चष्मा लावूनही जड जाईल, आणि घाईत निळ्याच्या जागी लाल चढली तर वेस्टेज वेगळं. म्हणून मी आत्ता नको म्हटलं.

रोलर पावसाळ्यात नव्या रबराचा करून घ्यायचा ठरला आहे. तोवर पोराने पाण्याचा पीएच आणि कंडक्टिव्हिटी रोज सकाळी वहीत लिहायची. दसऱ्यानंतर, काम थोडं हलकं असताना, एकरंगी यंत्रावर तसल्या चार प्लेटा लावून बघू.